पैसे वाटेत असताना

प्रिय रॉझ,

हे पत्र मी घरी बसून लिहीत नाही. वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आहे. सकाळपासून समुद्रावरून धुकं आलंय, समोरच्या मासे-चिप्सच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नाही. आत आले तेव्हा वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अगं, कोट कुठाय तुझा? गारठशील की." विसरले, असं सांगून वेळ मारून नेली. विसरले नव्हते. मागच्या दाराने, अंगावरच्या कार्डिगनवर निघून आले, कारण कोट पुढच्या दालनात आहे. आणि आपला फोनही तिथेच आहे, म्हणून फोन न करता हे पत्र. का, ते पुढे येईलच. आधी तुझ्या रागाचं बघू.

रविवारी तू फोनवर जे बोललीस ते मला लागलं, पण त्यात चूक काहीच नव्हतं. "आई, बाजारात साडेचार टक्के मिळत असताना दोनवर कोण जातं? शुद्धीवरचं माणूस जातं का?" असं तू विचारलंस. मग आमच्या जावयाने, ॲलिस्टरने, सगळ्या बँकांच्या व्याजाचा तक्ता करून पाठवला, रंगीत, माझ्या चुका लाल रंगात. बिचाऱ्याने मेहनत केली आहे, त्याला सांग की तक्ता अगदी बरोबर आहे. गेली दोन वर्षं मी माझं करमुक्त खातं दर वसंतात हलवते आहे, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट व्याजावर. नाताळात तू त्या संस्थेची पत्रं कपाटावर पाहिलीस, आणि तुझ्या मनात आलं की कोणीतरी गोडबोल्या पुरुष आईला फोन करून गंडवतोय. म्हणून ते मुखत्यारपत्राचे कागद ठेवून गेलीस, म्हणजे माझ्या पैशाचं यापुढे तू बघशील. रॉझ, अर्धा अंदाज तुझा खरा आहे. यामागे पुरुष आहे. पण तो मला गंडवत नाही, आणि तू त्याला चांगली ओळखतेस.

तुझ्या बाबाचं या खात्यांचं वेड तुला माहीतच आहे, तरी तू लवकर इन्व्हरनेसला गेलीस, त्यामुळे त्याचा पुढचा कळस तू पाहिला नाहीस. नोकरीभर त्याने पंपघरात शेतांतलं पाणी उपसलं. पाणी एका जागी साचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. निवृत्त झाल्यावर तोच नियम त्याने पैशाला लावला. मार्च उजाडला की शनिवारचं वर्तमानपत्र, त्यातलं पैशांचं पान, आल्याची बिस्किटं आणि पेन्सिल. आमचं दोघांचं एकेक करमुक्त खातं, आणि दोन्ही एका ठिकाणी वर्षापेक्षा जास्त टिकत नसत. "निष्ठेला व्याज नसतं, थेल्मा," म्हणायचा. "जुन्या गिऱ्हाइकाला हे चहासुद्धा विचारत नाहीत. नव्याचे नऊ दिवस संपले, की आपणच उठायचं." माणूस बायकोच्या बाबतीत एवढा चंचल असता तर मी कधीच घटस्फोट घेतला असता. पण मला त्याने चव्वेचाळीस वर्षं एकाच जागी ठेवलं आणि कुरकूर केली नाही.

या हलवाहलवीत त्याचा एकच नियम होता, आणि तो देवाच्या आज्ञेसारखा सांगायचा. पैशाला आपण हात लावायचा नाही. नव्या बँकेला सांगायचं, ती जुन्या बँकेकडून मागून घेईल, आपण लांब उभं राहायचं. मधे आपण हात घातला की करमाफी गेली ती गेली. शेजारच्या हर्बर्टने तेच केलं होतं. सगळी पुंजी जुन्या खात्यातून काढली, तो चेक खिशात घालून ऐटीत नव्या बँकेत गेला, आणि तिथल्या मुलीने सांगितलं की आता यातली एका वर्षापुरतीच रक्कम परत करमुक्त होईल, बाकीचं कवच संपलं. आयुष्यभराचं जमवलेलं, एका सकाळी. माझा नेव्हिल ही गोष्ट लोक भुताच्या सांगतात तशी आवाज खाली आणून सांगायचा. शेवटी हमखास म्हणायचा, "आणि त्याने फक्त हात लावला होता."

आणखी एक गोष्ट तुला आठवत असेल. नव्या बँकेत कागद द्यायला जायचा तो शनिवार म्हणजे आमची सहल असायची. दाढी करून, बूट पुसून तो दालनात उभा राहायचा आणि माझा निळा रेनकोट खुंटीवरून काढून माझ्या मागे उघडून धरायचा. "चल गं. शनिवारी बारालाच दार लावतात." माझे हात बाह्यांत गेले की कॉलर सरळ करायचा, आणि मग आम्ही निघायचो. बाकी माणूस काही फार प्रेम दाखवणाऱ्यांतला नव्हता. त्याचं प्रेम त्या कोटात होतं, असं मला नेहमी वाटत आलं.

तो गेला त्या वर्षीही आम्ही असेच कागद देऊन आलो होतो. पुढच्या आठवड्यात तो भाजीच्या मळ्यात कांदे लावताना पडला. मी तुला फोन केला, तू निघालीस, आणि मार्च संपत आलेला असताना तो अवेळी बर्फ पडला. तुझी गाडी कुठल्याशा माळावर अडकून राहिली. तू हॉस्पिटलात पोचलीस तेव्हा पलंगावर नवी चादरसुद्धा घालून झाली होती. त्या चादरीवर हात ठेवून तू उभी राहिलीस ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून तू त्याचं नाव घेत नाहीस. फोनवर त्याच्या मळ्याचा विषय निघाला तरी ॲलिस्टरला देतेस फोन. मला सगळं कळतं, राणी. बोलत नाही एवढंच.

दफन झालं, तू परत गेलीस, आणि दोन दिवसांनी मी दुकानातून आले तर किटली गरम होती. म्हटलं, आपणच ठेवली असेल, डोकं ठिकाणावर नाही. मग शनिवारचं वर्तमानपत्र, जे मी दाराशी तसंच पडू दिलं होतं, ते टेबलावर पैशांच्या पानावर घडी घालून मिळालं. एका आकड्याभोवती पेन्सिलीचं वेटोळं. म्हटलं, आधीच्या आठवड्याचं असेल. तारीख बघायचं धाडस केलं नाही. त्याच दिवसांत माझ्या खात्याचं काय झालं म्हणून मी चौकशी केली. जुनी बँक म्हणाली, तुमचं खातं बंद झालं, पैसे पाठवले. नवी म्हणाली, आमच्याकडे आले नाहीत. "मग आहेत तरी कुठे?" मी विचारलं. फोनवरची मुलगी हसली. "वाटेत आहेत, मिसेस वॅडिंगहॅम. इथून निघालेत, तिथे पोचायचेत. काळजी करू नका, हरवत नाहीत." किटली तोवर शीळ घालायला लागली होती. मी ती ठेवली नव्हती.

काही दिवसांनी पैसे पोचल्याचं पत्र आलं. त्या दिवसापासून किटली गार, वर्तमानपत्र दाराशी. मी दोन्हींचा संबंध लावला नाही. कोण लावेल? पुढे त्याचं खातंही विधवेच्या सवलतीने माझ्या नावावर जोडून मिळालं, ते तूच माझ्या शेजारी बसून केलंस.

दुसऱ्या वसंतात मी केवळ सवयीने खातं हलवलं. त्याला बरं वाटेल म्हणून, असं स्वतःला सांगितलं. चांगलं व्याज बघितलं, त्या वर्षीचा ॲलिस्टरच्या तक्त्यातला रकाना हिरवाच आहे बघ. कागद गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी कपडे वाळत घालून आत आले, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसला होता. माझ्याकडे पाठ. अंगात तपकिरी स्वेटर, जो मी स्वतः धुऊन धर्मादाय दुकानात देऊन आले होते. मानेवरचे केस कापायला झाले होते. मला भीती वाटली नाही, रॉझ. मला एवढंच वाटलं की याला न्हाव्याकडे पाठवायला हवं. मी गेले आणि खांद्यावर हात ठेवला. खांदा होता. लोकर होती, खाली हाड होतं. आणि मग माझ्या हाताखाली नुसती खुर्चीची पाठ होती. तासाभरात बँकेचा निरोप आला की पैसे खात्यात पडले आहेत. तेव्हा मला हर्बर्ट आठवला, आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

आता तुला माझं व्याज कळेल. ज्या बँका चांगलं व्याज देतात त्यांचं सगळं संगणकावर, दोन दिवसांत पैसे इकडचे तिकडे. मला तेवढे दोन दिवस पुरणार नव्हते. म्हणून तिसऱ्या वसंतात मी जगातली सगळ्यात आळशी संस्था शोधली. टेकड्यांपलीकडे लाऊथला एक छोटी पतसंस्था आहे. अजून कागदावर चालते, चेक टपालाने मागवते, तो टेबलाटेबलावरून फिरतो, आणि व्याज असं की सांगायलाही लाज वाटावी. मला तीन आठवडे मिळाले. रॉझ, ते तीन आठवडे मी सुखात होते. तो बोलत नव्हता, पण बसलेला असायचा. मी स्वयंपाकघरात असले की दालनात त्याच्या बुटांचा आवाज. मी शिकले होते, जवळून जाताना कोपर अंगाशी घट्ट धरायचं. संस्थेचं पत्रक मी टेबलावर ठेवलं, तर सकाळी ते कचऱ्याच्या डब्यात. मेल्यानंतरही बायकोच्या व्याजदरावर नाक मुरडणारा नवरा माझ्याच नशिबी. आणि वेडी म्हणशील म्हणून सांगते, खिडक्या पुसणारा नवा माणूस आला होता, तो पैसे घेताना म्हणाला, "मिस्टरांना सांगा की, ती खिडकी लावून घ्या म्हणावं. मी किती खुणा केल्या, ते आपले बघतच राहिले." मी त्याला जास्तीचे पैसे दिले.

या वर्षी मी त्याहून आळशी संस्था गाठली. दोन टक्के, तेच ज्याच्यावरून तू ओरडलीस. आणि इथे घोळ झाला. जुन्या संस्थेने चेक पाठवला, तो नवीकडे पोचलाही, पण माझी सही जुळेना. हात थरथरतो हल्ली. त्यांची शाखेतली मुलगी, बेथनी, गोड आहे पोर, तिने फोन करून सांगितलं, "पासपोर्ट घेऊन एकदा समोर या, तुम्हीच तुम्ही आहात एवढं बघितलं की झालं. तोवर चेक आमच्याकडे नुसता पडून राहील." मी म्हटलं, येते उद्या. ते उद्या अजून उगवलेलं नाही. दर आठवड्याला ती फोन करते, मी गुडघ्याचं कारण सांगते. मला वाटलं, आता हे कधीच संपायला नको. पैसे निघालेत, पोचायचे नाहीत, आणि तो घरात. यापेक्षा चांगलं व्याज कुठली बँक देणार होती मला?

पण एवढे दिवस त्याला वाटेत ठेवायला नको होतं. पहिले काही आठवडे ठीक होतं. मग तो वर्तमानपत्राकडे बघेनासा झाला. आल्याची बिस्किटं ठेवते, ती तशीच मऊ पडतात. खुर्चीत बसत नाही, दालनात दाराकडे तोंड करून उभा असतो, आणि घरात धुक्याचा वास येतो, दारं-खिडक्या बंद असताना. एक दिवस टेबलावर तुझा तो पिवळा मग आला, शाळेतला, कान तुटलेला. तो माळ्यावरच्या खोक्यात होता. मी धुऊन परत ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर. तीन कप रोज मांडलेले असतात, त्याचा, माझा आणि तुझा. मग माझा निळा कोट. आधी खुंटीवरून खुर्चीवर आला. नंतर जिन्याच्या कठड्यावर. आणि गेल्या शनिवारी, सकाळचे अकरा वाजून गेलेले, मी दालनातून जात होते, तर तो माझ्या मागे उभा होता, कोट उघडून धरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. आवाज तोच, फक्त खूप लांबून, दोन शेतांपलीकडून हाक मारावी तसा. "चल गं, थेल्मा. शनिवारी बारालाच दार लावतात."

मी हात घातला, रॉझ. सवयीने. चव्वेचाळीस वर्षं कोणी कोट धरला की हात आपोआप मागे जातो. उजवा हात बाहीत गेला, कोपरापर्यंत, आणि आत बाहीचं अस्तर नव्हतं. काय होतं ते मला सांगता येत नाही. गार होतं आणि खोल होतं आणि मला त्यात बरं वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. तूच होतीस, व्याजाबद्दल सांगायला, मी उचलला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत केलास तो. मी हात बाहेर काढला. हे पत्र मी डाव्या हाताने कागद धरून उजव्याने लिहिते आहे खरी, पण उजव्या हाताला पेन जाणवत नाही. नुसतं दिसतं की हातात पेन आहे. डॉक्टरांनी चोळायला मलम दिलं. वय झालं, म्हणाले.

मी शहाणी बाई असते तर पासपोर्ट घेऊन उठले असते आणि बेथनीसमोर जाऊन बसले असते. पैसे पडले की तो जाईल. किंवा नुसता हात पुढे केला असता, तेवढंच पुरतं. रोज सकाळी ठरवते. त्याच्यापासून वीतभर अंतरावर माझा हात जातो आणि मी मागे घेते. एकदा मी हात लावला आणि माझ्या हाताखालून तो गेला. त्या खुर्चीच्या पाठीचा स्पर्श मला पुन्हा नको आहे. आणि तो मला न्यायला उभा आहे की तुझी वाट बघत खोळंबला आहे, हेही मला नीट कळत नाही. कोट माझा धरतो, पण बघतो दाराकडे. आणि रोज तुझा पिवळा मग मांडतो.

म्हणून हे पत्र. रॉझ, शनिवारच्या आत ये. ॲलिस्टरला काय सांगायचं ते सांग, मुखत्यारपत्रावर सही घ्यायला चालले म्हण, ते खोटं नाही, तू आलीस की मी मुकाट्याने सही करणार आहे. बर्फ नाही, गाड्या चालू आहेत, मी स्टेशनवर विचारून आले. पुढच्या दाराने आत ये. तो तिथेच असेल. त्याच्याशी बोल, तुझ्या पिवळ्या मगातून चहा पी, त्या दिवशी पलंगापाशी जे बोलायचं राहिलं ते सगळं बोल, घाई करू नकोस. आणि बोलून झालं की तो कामावरून यायचा तेव्हा तू धावत जाऊन त्याला मिठी मारायचीस, तशीच आता मार. घट्ट मार. मला जमत नाही ते तू कर. मग आपण दोघी बेथनीकडे जाऊ आणि पैसे तुझ्या ॲलिस्टरच्या तक्त्यातल्या सगळ्यात हिरव्या रकान्यात टाकू, आणि पुन्हा हलवणार नाही. पण शनिवारच्या आत ये, राणी. शनिवारी अकरानंतर तो पुन्हा कोट धरून उभा राहील, आणि नेव्हिलने धरलेल्या कोटाला मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही.

तुझीच, अजून तरी इथेच असलेली,
आई